अटकेची वेळ

माझ्या भाच्याला पोलिसांनी घरातून नेलं तेव्हा रात्रीचे ९ वाजून १० मिनिटं झाली होती. कागदावर त्याची अटक दाखवली ती दुसऱ्या दिवशी दुपारी साडेचारची. मधले एकोणीस तास वीस मिनिटं तो कुठल्याच नोंदीत नव्हता. त्या वेळात त्याच्या तळपायांवर जे झालं, ते त्यामुळे कुणी केलंच नव्हतं आणि कुठे झालंच नव्हतं. हे तास कागदावर आणायला मला सव्वा वर्ष लागलं. ते कसे आणले हे लिहितो आहे, कारण अशी रात्र घरावर येते तेव्हा काय करायचं हे कुणी आधी सांगून ठेवलेलं नसतं. आणि पहिल्या काही तासांत जे राहून जातं ते नंतर कितीही चांगला वकील मिळाला तरी भरून निघत नाही.

गावाचं, तालुक्याचं, ठाण्याचं नाव लिहीत नाही, प्रकरण न्यायालयात आहे. तापीकाठचं गाव, उत्तरेला सातपुडा, शिवारात केळी आणि कपाशी, एवढं पुरे. मी एसटीत वाहक आहे, २३ वर्षं झाली. भाचा आक्काचा एकुलता एक. दाजी गेल्यावर आयटीआय करून तालुक्याच्या गावी मोटार रिवाइंडिंगच्या, म्हणजे जळालेल्या मोटारीत नवी तांब्याची तार भरायच्या, दुकानात कामाला लागला. त्या डिसेंबरात, म्हणजे २०२४ च्या, आमच्या शिवारात केबलचोरीनं शेतकरी हैराण झाले होते. रात्री विहिरीवरची केबल कापायची, नाल्यात नेऊन जाळायची, तांबं विकायचं. निसवलेल्या, म्हणजे घड बाहेर पडलेल्या, बागेचं पाणी चार दिवस चुकलं तर घडाचं काय होतं हे केळीवाल्याला विचारा. माझीही दीड एकर आहे, माझीही केबल एकदा गेली आहे. शेतकऱ्यांचा राग खरा होता, ठाण्यावर मोर्चा नेण्याची भाषा चालली होती. आणि रिवाइंडिंगच्या दुकानात जळक्या तांब्याची पोती असणारच. तपास तिथे सुरू झाला आणि तिथेच थांबला.

मंगळवारी रात्री मी डेपोत रोकड भरत होतो. ९.१४ ला आक्काचा फोन. "भाऊ, पोऱ्याले लई ग्यात." एवढंच बोलली, मग नुसता रडण्याचा आवाज. मोटारसायकलवर ठाण्यात पोचलो तेव्हा १०.२० झाले होते. ठाणे अंमलदार टेबलाशी बसलेले. एसटीमुळे चेहरा ओळखीचा.

"काय मास्तर, इतक्या रात्री?"

मी भाच्याचं नाव सांगितलं. त्यांनी रजिस्टरकडे बघितलंही नाही. "इथं कुणाला आणलेलं नाही. घरी जा, सकाळी या."

मी वळलो आणि आतल्या बोळाच्या तोंडाशी भिंतीला टेकून ठेवलेल्या चपला दिसल्या. उजव्या चपलेचा अंगठा तुटलेला होता आणि तो तांब्याच्या तारेनं बांधलेला होता. मोटारीत भरायची ती लालसर, लाखेचा थर असलेली तार, सहा-सात वेढे देऊन टोक आत दाबलेलं, बोटाला टोचू नये म्हणून. अशी गाठ आमच्या घरात एकच माणूस मारतो. मी अंमलदारांना म्हणालो, "या चपला त्याच्या आहेत." ते उठले, चपला पायानं टेबलाखाली सारल्या आणि म्हणाले, "मास्तर, घरी जा."

बाहेर येऊन १०.४२ ला मी ११२ ला फोन लावला. पोलिसांची तक्रार पोलिसांनाच करायची, हे तेव्हा मलाही पटत नव्हतं. झालंही तसंच. गाडी आली ती त्याच ठाण्याच्या आवारातून, आणि गाडीतला शिपाई खाली मान घालून म्हणाला, सकाळी साहेबांना भेटा. पण ११२ चा फोन ठाण्यात लागत नाही, तो नवी मुंबई किंवा नागपूरच्या केंद्रात लागतो आणि तिथे वेळेसह नोंदला जातो. ती नोंद ठाण्यातल्या कुणाला पुसता येत नाही. त्या रात्री मी कामाची केलेली गोष्ट ती एकच. घरी आल्यावर डायरी काढली आणि सगळ्या वेळा लिहिल्या. वाहकाला वेळ लिहायची सवय असते. गाडी किती वाजता लागली, किती वाजता सुटली, कुठल्या थांब्यावर किती उशीर झाला, हे लिहिल्याशिवाय आमचा दिवस संपत नाही.

बुधवारी सकाळी साधा अर्ज लिहिला: माझा भाचा काल रात्री ९.१० पासून आपल्या ठाण्यात आहे, अटक केली असल्यास कारण आणि गुन्हा क्रमांक सांगावा, नसल्यास सोडावं. अर्ज घेतला, पण पोच देईनात. "पोच कशाला पाहिजे?" हा प्रश्न तीन जणांनी विचारला. मग तोच अर्ज पोस्टात जाऊन रजिस्टर पोस्टानं तीन ठिकाणी पाठवला: ठाण्याला, पोलीस अधीक्षकांना आणि तालुक्याच्या न्यायदंडाधिकाऱ्यांना. पोस्टाच्या पावतीवर तारीख आणि वेळ छापून येते. १०.५२. कागदोपत्री अटक व्हायच्या साडेपाच तास आधीची वेळ सरकारच्याच दुसऱ्या खात्यानं मला छापून दिली होती.

दुपारी चहाच्या टपरीवर एक जण येऊन बसला. गावातलाच, ठाण्यात ऊठबस असलेला. वीस हजार दिले तर चॅप्टरवर, म्हणजे नुसत्या चांगल्या वागणुकीच्या हमीवर, सोडतील, उद्या तहसीलदारासमोर बॉन्ड लिहून घरी, म्हणाला. आक्कानं पाटल्या काढून ठेवल्या होत्या. मी नाही म्हणालो, आणि त्या 'नाही'मुळे पोराला आणखी मार बसला असेल का, हा विचार अजून जात नाही. लाच मागितल्यावर १०६४ वर लाचलुचपत विभागाला फोन करता येतो हे मला ठाऊक होतं, एसटीच्या गाड्यांतून त्याची पत्रकं बघितली आहेत. पण मागणारा पोलीस नव्हता, पुरावा नव्हता, आणि खरं म्हणजे त्या वेळी पोरगा जिवंत बाहेर येऊ दे एवढंच डोक्यात होतं.

गावात लोक काय म्हणत होते तेही लिहितो. "दोन फटके पडल्याशिवाय चोर कबूल होतो का?" ज्यांच्या केबली गेल्या होत्या ते म्हणत होते, आणि ज्यांच्या नव्हत्या गेल्या तेही. माझ्या शेजारच्या बांधावरचा माणूस हे माझ्या तोंडावर बोलला. त्याला मी विचारलं, फटक्यांनी कबूल झालेला चोर खरा की खोटा हे तू कसं ओळखणार? तो गप्प बसला, पण पटलं म्हणून नाही. फटके मारणारा हात एकट्या पोलिसाचा नसतो, त्याच्या मागे गावाची मूकसंमती असते, हे मला त्या दिवशी कळलं आणि त्याचं दुःख मला माराइतकंच झालं.

बुधवारी ५.१० ला ठाण्यातून बोलावणं आलं. अटकेची माहिती नातेवाइकाला दिली, यावर सही करायची होती. फॉर्म भरलेला होता. अटकेची वेळ १६.३०, ठिकाण बसस्थानक परिसर. मी म्हणालो, सही करतो, पण मला ठाऊक आहे ते लिहून. हवालदारांनी कागद मागे ओढला. मी म्हणालो, मग सही नाही. पाच-सात मिनिटं असंच चाललं. शेवटी, कागद आजच लागणार होता म्हणून असेल, त्यांनी तो पुढे सरकवला. सहीखाली मी माझ्या पेननं लिहिलं: "ही माहिती मला आज १७.१० वाजता मिळाली. भाचा काल रात्री २१.१० पासून ताब्यात आहे. त्याच्या चपला मी काल २२.२० वाजता ठाण्यात पाहिल्या." पुढे मला सगळ्यात जास्त उपयोगी पडलेल्या या तीन ओळी. अटकेच्या वेळी मेमो करायचा, त्यावर नातेवाइकाची किंवा परिसरातल्या प्रतिष्ठित माणसाची सही घ्यायची, वेळ आणि तारीख टाकायची, हे सर्वोच्च न्यायालयानं डी. के. बसू प्रकरणात डिसेंबर १९९६ मध्ये सांगितलं. आज ते भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३६ मध्ये आहे. पण कायद्यानं मागितलेली ती सही आपण कोरी करून दिली, तर त्यांनी लिहिलेली खोटी वेळ आपल्याच सहीनं खरी होते.

गुरुवारी ११.४५ ला त्याला न्यायालयात आणलं. कागदाप्रमाणे अटकेला एकोणीस तास झाले होते, म्हणजे चोवीस तासांच्या आत. खरे तास होते अडतीस आणि वर पस्तीस मिनिटं. ठाण्यापासून न्यायालय दोन किलोमीटरसुद्धा नाही.

आम्हाला वकील लावायला वेळ मिळाला नव्हता. विधी सेवा प्राधिकरणाच्या लोकअभिरक्षक कार्यालयाच्या एक वकील मॅडम तिथे होत्या, वय तीसच्या आत. फी नाही, अर्ज एका पानाचा. (१५१०० या क्रमांकावर फोन केला तरी ही मदत मिळते, मला ते नंतर कळलं.) त्या व्हरांड्यात भाच्याशी बोलायला गेल्या तेव्हा शिपाई बाजूला होईना. त्यांनी आवाज न चढवता सांगितलं, "ऐकू येणार नाही इतकं लांब उभे राहा." दहा मिनिटं बोलल्या. परत आल्या आणि मला म्हणाल्या, "मामा, साहेब त्याला एक प्रश्न विचारतील. बहुतेक आरोपी 'नाही' म्हणतात, कारण विचारून झाल्यावर परत त्याच गाडीत बसायचं असतं. हा काय म्हणेल मला माहीत नाही."

न्यायदंडाधिकारी साहेबांनी नाव विचारलं, वय विचारलं, आणि मग तो प्रश्न. "पोलिसांविरुद्ध काही तक्रार आहे का?"

भाचा उभा होता. अनवाणी. एक पाय पूर्ण टेकवत नव्हता, टाचेच्या कडेवर भार देऊन उभा होता. त्यानं आधी मागे, ज्यांनी आणलं त्यांच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. मी काही खूण केली नाही. काय खूण करावी तेच समजत नव्हतं. मग तो म्हणाला, "आहे साहेब."

मॅडमनी तळपाय बघण्याची विनंती केली. साहेब खुर्चीतून उठून पुढे आले. भाच्यानं कठड्याला धरून पाय मागे वळवला. तळवा काळानिळा, मधोमध सुजून गोल झालेला, पावलाची कमान उरलीच नव्हती. कोर्टात पंखा फिरत होता तेवढाच आवाज. साहेबांनी जागेवर बसून जे पाहिलं ते लेखनिकाला सांगून लिहून घेतलं आणि पुन्हा वैद्यकीय तपासणीचा आदेश दिला, पोलीस खोलीबाहेर ठेवून. आदल्या संध्याकाळी सरकारी दवाखान्यात तपासणी झालीच होती. तिच्यात 'जखमा नाहीत' लिहिलेलं होतं, कारण चपला काढायला कुणी सांगितलंच नाही आणि हवालदार शेजारी उभे होते. दुसऱ्या तपासणीत दोन्ही तळव्यांवरचा मुका मार मापासकट नोंदला गेला. पोलिसांनी पाच दिवसांचा पीसीआर, म्हणजे पोलीस कोठडी मागितली होती, साहेबांनी एमसीआर, म्हणजे न्यायालयीन कोठडी दिली. चौथ्या दिवशी जामीन झाला. घरी आल्यावर पहिलं वाक्य: "मामा, मी काहीच करेल नई शे." मी त्याला विचारलंही नव्हतं.

आता कॅमेऱ्यांविषयी. सर्वोच्च न्यायालयानं परमवीर सिंग सैनी प्रकरणात २ डिसेंबर २०२० ला आदेश दिला आहे की प्रत्येक पोलीस ठाण्यात प्रवेशद्वार, कोठडी, बोळ, अंमलदाराची जागा, सगळीकडे आवाजासह कॅमेरे असावेत. चित्रीकरण अठरा महिने, अगदीच नाही तर किमान एक वर्ष जपलं पाहिजे. मॅडमनी त्याच आठवड्यात चित्रीकरण जपून ठेवण्याचा अर्ज न्यायालयात दिला आणि मला माहिती अधिकारात अर्ज करायला लावले. महाराष्ट्रात एका अर्जात एकच विषय आणि १५० शब्दांची मर्यादा आहे, म्हणून तीन वेगळे अर्ज, प्रत्येकावर दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प.

एकोणतिसाव्या दिवशी उत्तरं आली. स्टेशन डायरी, म्हणजे ठाण्याची रोजची नोंदवही: माहिती अधिकार कायद्याचं कलम ८(१)(ज), तपासाला बाधा, देता येत नाही. चित्रीकरण: तांत्रिक बिघाडामुळे उपलब्ध नाही.

मी खचलो होतो. मॅडम उलट खूश दिसल्या. म्हणाल्या, "आता चित्रीकरण मागू नका, बिघाड मागा." कारण त्याच २०२० च्या निकालात कॅमेरे चालू ठेवण्याची जबाबदारी ठाणे प्रभारीवर टाकली आहे, आणि बिघाड झाला तर तो लगेच जिल्हास्तरीय देखरेख समितीला कळवायचा आहे. मग चौथा अर्ज गेला: बिघाड कोणत्या तारखेला झाला, समितीला कळवलं त्या पत्राची प्रत, दुरुस्ती करणाऱ्याला बोलावल्याची नोंद, दुरुस्तीचं बिल. उत्तर आलं, "अशी कोणतीही नोंद उपलब्ध नाही." म्हणजे कॅमेरे बंद पडले, पण कुणाला कळवलं नाही, कुणी दुरुस्त केले नाहीत, आणि तरी ते पुन्हा चालू झाले. पहिल्या अपिलात, वीस रुपयांचा स्टॅम्प लावून, मी एवढंच विचारलं की हे कसं. त्याचं उत्तर अजून कुणी दिलेलं नाही, पण तो कागद आज न्यायालयात आहे.

तिसरा अर्ज माझ्या स्वतःच्या डोक्यातला होता. ठाण्याच्या गाडीचं लॉगबुक. ते मी ठाण्याकडे न मागता जिल्ह्याच्या मोटार परिवहन विभागाचं म्हणून अधीक्षक कार्यालयाकडे मागितलं. एसटीत जन्म गेल्यानं मला एक पक्कं माहीत आहे: चालक बाकी काहीही चुकवेल, किलोमीटर चुकवत नाही, कारण डिझेलचा हिशेब त्याच्या पगारातून जातो. दोन पानांचे चार रुपये भरले, प्रती हातात आल्या. मंगळवारची ओळ: निघाली २०.३५, परत २१.५०, ठिकाण म्हणून आमच्या गावाचं नाव, किलोमीटर ३४, कारण 'गस्त'. चालकाची सही. ज्या चालकानं हे लिहिलं त्याला मी ओळखत नाही. त्यानं त्याचं काम नीट केलं, एवढंच, आणि त्या नीट केलेल्या कामामुळे माझा भाचा त्या रात्री कुठे होता हे सिद्ध व्हायला लागलं.

पुढचं थोडक्यात. फेब्रुवारी २०२५ मध्ये पोलीस तक्रार प्राधिकरणाकडे प्रतिज्ञापत्रासह तक्रार केली. २००६ च्या प्रकाश सिंग निकालानं अशी प्राधिकरणं स्थापायला सांगितली आणि आपल्याकडे ती २०१४ च्या दुरुस्तीनं महाराष्ट्र पोलीस अधिनियमात आली. विहित पद्धत न पाळता केलेली अटक किंवा स्थानबद्धता हा विषय त्यांच्या कक्षेत स्पष्ट लिहिलेला आहे. न्यायालयात खाजगी फिर्याद मे महिन्यात, म्हणजे सहा महिने व्हायच्या आत दाखल केली. याच अधिनियमाच्या कलम १६१ ची ती मुदत आहे, आणि मारहाणीतून सावरता सावरताच ती कित्येकांच्या हातून निघून जाते. त्यात नव्या संहितेच्या कलम २२३ नुसार सरकारी नोकराविरुद्धच्या फिर्यादीची दखल घेण्याआधी त्याला बाजू मांडायची संधी आणि वरिष्ठाचा अहवाल लागतो. ते अजून चालू आहे. केबलच्या गुन्ह्याच्या दोषारोपपत्रात भाच्याचं नाव आलं नाही. दुकानातून नेलेलं सहा किलो दोनशे ग्रॅम तांबं परत मिळालं.

खात्याची चौकशीही झाली. एका हवालदाराची एक वेतनवाढ वर्षभर रोखली, अधिकाऱ्याला सक्त ताकीद आणि बदली. आदेशाची प्रत मी चार वेळा वाचली. दोष काय, तर "अटकेची नोंद विलंबाने घेण्यात निष्काळजीपणा". तळपायाचा उल्लेख एका शब्दानं नाही. न्यायाधीशांनी डोळ्यांनी पाहून लिहिलेलं आहे, डॉक्टरांनी मापं घेतलेली आहेत, आणि खात्याला दिसला तो फक्त उशीर. मी तो आदेश मान्य केलेला नाही.

जामिनावर आल्यानंतर आठवड्यानं भाच्यानं एक गोष्ट सांगितली. त्या रात्री कोठडीत आणखी दोघं होते. सातपुड्यातल्या पाड्यांवरचे, पावरा समाजाचे, सतरा-अठरा वर्षांचे असतील. एकानं त्याला रात्री पाणी दिलं, स्वतःला दिलेल्यातलं अर्धं. सकाळी दोघांना बाहेर काढलं, कुठल्या कागदावर सही नाही, काही नाही. त्यांच्यासाठी ठाण्यात कुणी आलं नव्हतं, चपला ओळखायला कुणी नव्हतं, ११२ ला फोन कुणी केला नव्हता. मी माहिती अधिकारात विचारलं: मंगळवार रात्री ९ ते बुधवार सकाळी ९ या वेळात कोठडीत किती व्यक्ती होत्या. उत्तर एका शब्दाचं आलं. "निरंक."

माझी गाडी आठवड्याच्या बाजाराला सातपुड्याच्या पायथ्यापर्यंत जाते. तिकीट काढताना त्या वयाची पोरं दिसली की मी विचारतो, नाव नाही, फक्त त्या डिसेंबरातली ती रात्र. भाचाही दोनदा माझ्याबरोबर आला होता, चेहरा ओळखता येईल म्हणून. अजून कुणी सापडलेलं नाही. फिर्यादीची पुढची तारीख १७ ला आहे, आणि मॅडमनी चपला सोबत आणायला सांगितल्या आहेत.